रडतीच्या घराचे डॉक्टर

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीला स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून उभे होते. साताऱ्यातल्या एका जुन्या पेठेत मी भाड्याची खोली बघायला गेले होते. खोली वरच्या मजल्यावर, घरमालक खाली. मी दारात उभी राहून खाकरले, तर त्यांनी डोळे न उघडताच मला हातानं गप्प केलं.  बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "भिंत पोकळ हाय. आत काय तरी घरघरतंय."

जिन्यावरून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला. "आवं, शेजारणीचा मिक्सर हाय त्यो. रोज ह्या टायमाला चटणी वाटती ती."

त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि जराही न ओशाळता मला म्हणाले, "मिक्सर बी हाय." खोली मी तिथल्या तिथे पक्की केली.

सगळी पेठ त्यांना डॉक्टर म्हणायची. जनावरांचे डॉक्टर. उभी नोकरी गोठ्यात गेली. आधी पाटणच्या खोऱ्यातल्या म्हशी, मग माण-खटावकडची खिलार बैलं आणि धनगरांच्या मेंढ्या. निवृत्त झाल्यावर साताऱ्यात तपासायला जनावरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी घरं धरली. कुठे कुणी जुनं घर उकरायला, दुरुस्त करायला काढलं की बोलावण्याची वाट न बघता डॉक्टर तिथे हजर. खांबाला आधी थोपटायचे, मग त्याच्यावरून वरून खाली हात फिरवायचे, मग कान लावायचे. गवंडी हसायचे. डॉक्टरांना त्याचं काही नसे.

"जनावर बोलत न्हाई," ते मला सांगायचे. "मालक बोलतो. आन मालक कायम खोटं बोलतो. म्हशीनं काय खाल्लं इचारलं की म्हणणार, काय न्हाई वो, नुसता कडबा. आन पोटातनं निघती अर्धी गोधडी! घराचं बी तसंच हाय, पोरी. मालकाला इचारलं की त्याच्या घरात कायम सरदारच राहून गेलेला असतो."

त्यांचा एक नियम होता. जुन्या घराबद्दल कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारायचं झालं तर तिथे कोण मेलं, कुणाचे हाल झाले, हे विचारायचं नाही. "मरत्यात समदीच. त्यात काय कळतंय? काय शिजायचं ते इचार. जेवत कोण हुतं, कवा जेवत हुतं, ते इचार. जनावराचं निम्मं दुखणं त्याच्या खाण्यात सापडतं." या कामासाठी खिशात कंदी पेढ्यांचा पुडा कायम असे. आधी पेढा द्यायचा, मग प्रश्न. पेढा तोंडात असताना माणसाला खोटं बोलायला सुचत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी रक्त-लघवी तपासणारी बाई. पुराव्याशिवाय कुणाला साधा अशक्तपणासुद्धा चिकटवत नाही. त्यामुळे आमचं रोज वाजायचं. माझ्या स्वयंपाकघरात एक खुंटी होती. तेवढ्या खुंटीवर त्यांनी ती खोली आधी सुईणीची ठरवली, मग शिंप्याची, आणि मी आजारी पडून घरी होते त्या आठवड्यात तबलजीची. अंगणात एक लोखंडी कडी होती. ती सरदाराच्या घोड्याची असल्याचं ते येईल त्या पाहुण्याला दाखवायचे. शेवटी काकू एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्याच वडलांनी ठोकलीया ती. शेळीसाठनं. माझ्या देखत." डॉक्टर म्हणाले, "शेळी बी लय देखणी हुती पर."

त्यांचा अंदाज चुकला की त्यांना वाईट वाटत नसे, हे मला फार दिवस कळत नव्हतं. आमच्या धंद्यात चुकलं की झोप उडते. ते मात्र चुकल्यावर जास्त खुलायचे, कारण मग पुन्हा पहिल्यापासून बघायला मिळायचं.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं जुना बंगला झकास दुरुस्त करून घेतला होता. आता त्याला इतिहास हवा होता, मेनूकार्डावर छापायला. कुणी मोठा साहेब राहून गेल्याचं शोधून द्या, असं त्यानं डॉक्टरांना गाडी पाठवून सांगितलं. डॉक्टर तिथे राहिले, भरपूर स्ट्रॉबेरी खाऊन आले, आणि त्याला सांगून आले की साहेब खरा होता, पण तो उन्हाळ्यात तेवढा यायचा. पावसाळाभर आणि थंडीभर त्या हॉलमध्ये माळ्याच्या म्हशी बांधलेल्या असत. "मग घर कुणाचं? मुक्काम कुणाचा जास्त?" त्यांनी त्याला विचारलं. "छापा की, म्हशींचा बंगला. लय लोक येतील." हॉटेलवाल्यानं परत यायला गाडी दिली नाही. डॉक्टर एसटीनं आले आणि आठवडाभर येईल त्याला हे हसत सांगत होते.

आता आमच्या घराकडे येते.

लग्न झाल्यापासून माझा नवरा सांगलीला आणि मी साताऱ्याला. तो बांधकामाची कामं बघायचा, मित्राबरोबर एका खोलीत राहायचा. आमचा संसार शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं संपायचा. सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात त्याला एक जुनं घर मिळालं. मालक कधीच गाव सोडून गेलेले, घर कित्येक वर्षं बंद. नवऱ्याचा जीव जुन्या लाकडावर. त्यानं कुजलेल्या तुळया बदलल्या, कौलं उतरवून धुऊन पुन्हा चढवली, भिंतींना चुन्याचा गिलावा केला. मधल्या खोलीत कोनाड्याशेजारी जुन्या गिलाव्यावर लाल, पांढरे, काळे फराटे होते. ते चित्र असावं म्हणून त्यानं तेवढा तुकडा राखला आणि वर काच बसवली. मलाही मिरजेच्या एका दवाखान्यात नोकरी ठरली. आता फक्त वास्तुशांत करायची आणि राहायला जायचं.

तेवढ्यात सासूबाई घर बघायला आल्या. त्या शिराळ्याच्या, धाकट्या दिराकडे असतात. घर बघण्याआधी समोरच्या तानीआजींकडे पाणी प्यायला थांबल्या आणि तिथेच सगळं फिसकटलं. तानीआजी नव्वदीच्या घरातल्या. त्यांनी सांगितलं, की त्या घराला गाव रडतीचं घर म्हणतं. आजी लहान असताना तिथे एक बाई रोज दिवेलागणीला धाय मोकलून रडायची. तिला कुणी कधी पाहिलं नाही, नुसता आवाज यायचा. तेव्हापासून गावातली कुठलीही बाई त्या दारात उभी राहत नाही.

सासूबाई तिथूनच माघारी फिरल्या. जिनं लहानपणी शिराळ्यात नागपंचमीला पाटावर जिवंत नाग पुजलाय ती बाई, पण इथे हलली. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझं काय चुकलं न्हाई, पोरी. पर ज्या घरात बाई रडली तिथं मी माझी सून न्यायची न्हाई. माझी शपथ हाय तुला, उंबरा वलांडायचा न्हाई." रागावता येईना. भांडण माझ्याशी असतं तर मी बघून घेतलं असतं. ही तर माझ्याचसाठी घाबरली होती. नवरा म्हणाला, विकून टाकू. त्यानं राखलेल्या एकेका तुळईकडे बघत म्हणाला. मला त्या रविवारी परत साताऱ्याच्या गाडीत बसताना इतकं वाईट वाटलं की शेजारच्या बाईनं न विचारता मला खिडकी दिली.

हे सगळं मी फोनवर बोलत होते ते डॉक्टरांनी जिन्यात ऐकलं. ते ऐकतातच. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभे. "रडायची म्हंजी कशी? हुंदकं देऊन का हंबरडा फोडून?"

"मला काय माहीत, डॉक्टर?"

"कुणी इचारलंच न्हाई व्हय? आन केस बंद केली?" त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. मला त्यांचा रागच आला. पण पुढच्या रविवारी आम्ही दोघं सांगलीच्या एसटीत होतो.

गावात पोचलो तर तानीआजींच्या कट्ट्यावर सासूबाई बसलेल्या. मुलानं साताऱ्याहून कुणीतरी डॉक्टर येणार म्हटल्यावर त्यांना वाटलं, सून आजारी आहे. गळ्यातला स्टेथोस्कोप बघून त्यांची खात्रीच पटली. "काय झालंय वो हिला?" त्यांनी विचारलं.

"हिला काय धाड भरलीया? घर आजारी हाय," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले. मी शपथेनं बांधलेली, सासूबाईंजवळ कट्ट्यावर बसले. नवरा त्यांच्या मागोमाग गेला. आतून ठोकल्याचे, थोपटल्याचे आवाज येत राहिले. मग मधल्या खोलीच्या खिडकीतून डॉक्टरांनी डोकं बाहेर काढून आरोळी ठोकली. "सापडलं! बेंदराला हितं बैलं रंगवायची! काचेमागं समदा शिंगाचा रंग हाय. रडती म्हंजी गाय हुती, वासरू मेलेली!"

गल्ली गोळा झाली. मी ओरडून विचारलं, "डॉक्टर, त्या दारातून बैल आत शिरेल का?"

डोकं आत गेलं.  मग ते बाहेर येऊन दाराकडे बघत उभे राहिले आणि खुशीत म्हणाले, "न्हाई शिरणार. चला, पुन्ना पयल्यापासनं." सासूबाईंनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. असला डॉक्टर कुठून धरून आणलास, असं त्या मानेचं म्हणणं होतं.

मग ते तानीआजींसमोर फतकल मारून बसले. पुडा सोडला. आजींनी पेढा तोंडात टाकला. मला वाटलं, आता विचारतील रडण्याबद्दल. पण माणूस आपल्या नियमाला पक्का.

"आजी, त्या घरात काय शिजायचं वो?"

आजी पेढा चघळत राहिल्या. "काय न्हाई. चूलच न्हवती तितं. धूर कवा बगितलाच न्हाई. वरली बाजू समदी शेंगांच्या पोत्यांची, वखार हुती नव्हं ती."

"मग ती बाई काय खायाची?"

"माज्या आईची भाकरी," आजी म्हणाल्या. "रोज तिचं रडनं आयकून आईला घास जाईना. मग ती एक भाकरी जादा थापायची, वर काय आसंल ते कोरड्यास घालायची आन त्या खिडकीत ठेवून यायची. सकाळी ताट आमच्या गडग्यावर पालथं. राखंनं घासून, लख्ख. आई म्हनायची, दुक्काची हाय पर वळनाची हाय."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरांनी आणखी एक पेढा पुढे केला. "रडायची कशी? करून दावा की."

आजींनी आढेवेढे घेतले नाहीत. कट्ट्यावर सरळ झाल्या, मान वर केली, आणि त्या सुरकुतलेल्या गळ्यातून एकदम उंच, लांब, कापरा सूर निघाला. "नाऽऽथ! या अभागिनीला कुणाच्या पदरी टाकून चाललाऽऽत!"

माझ्या अंगावर काटा आला. 

"फुडं?" डॉक्टर म्हणाले.

"फुडं काय न्हाई. तितंच थांबायची. खाकरायची. आन पुन्ना नाथपासनं."

"रोज?"

"रोज. सुगी सरली की सुरू. जत्रा हुईस्तवर. जत्रा झाली की गप. फुडल्या साली पुन्ना."

डॉक्टर उठून उभे राहिले. "आजी, तुमच्या आईनं तुमच्या वडलांना कवा नाथ म्हणून हाक मारली?"

"आगं बया! नुस्तं आवं म्हनायची."

"ह्या गल्लीत कुणी मारली?"

"कोन मारंल?"

"आन दुक्काला सुगी कळती व्हय? दुक्काला जत्रा कळती?" ते आता गोल फिरत होते. "आमच्या गावात गिरणीवाला राणी व्हायचा. मिशी काढली की बायको बोलायची बंद. आजी, ही बाई न्हवं! ह्यो बाप्या हाय! जत्रंच्या नाटकातली नायिका पाठ करतोय त्यो, वखारीत बसून!"

मी आणि नवऱ्यानं एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. कोनाडा, म्हणजे आरसा ठेवायची जागा. शेजारी खांद्याच्या उंचीवर पांढरं, लाल, काळं.

"म्हणजे ते चित्र..." नवरा म्हणाला.

"तोंड रंगवून बोटं पुसलीत," मी म्हणाले. "आणि तू काच बसवलीस." तो असा काही हसायला लागला की त्याला कट्ट्याला धरून बसावं लागलं.

आजी मात्र हसत नव्हत्या. त्या हिशेब लावत होत्या. "आमाला बायकांना कुनी सांगितलं कसं न्हाई? जत्रंचं नाटक बाप्येच बगायचे, आमाला जाऊ द्याचे न्हाईत, ते खरं. पर समद्या बाप्यांना ठावं आसनार की." मग एकदम ताठ झाल्या. "आन मग माज्या आईची भाकरी कुनी खाल्ली? कोन त्यो मुडदा?"

इथे डॉक्टरांनी जे विचारलं त्यासाठी मी त्यांची सगळी सरदारांची घोडी माफ केली. त्यांनी हळूच विचारलं, "आजी, त्या दिसांत तुमचं वडील घरात काय जेवायचं?"

"आबा?" आजी म्हणाल्या. "आबाला जत्रंच्या आदी भूकच नसायची. सांजला भजनाला जायाचा. आला की हात-पाय धुवून, 'पोट भरलंय' म्हनून निजायचा. आई म्हनायची, देवाच्या नावानंच पोट भरतंय मान्साचं. आन सकाळी डोळ्यांत आसं काळं काळं..."

बोलता बोलता थांबल्या. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. आजींना सगळ्यांत शेवटी कळलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं, पेढा मांडीवर पडला, आणि मग त्या हसायला लागल्या. आवाज न करता, सगळं अंग गदगदा हलवत, गालांवरून पाणी वाहत. "म्हंजी बायकू हितं परक्या बाईला भाकरी घालतीया," त्या म्हणाल्या, "आन दादला तितं बसून खातुया! आन ताट बी घासतुया! घरात कवा पान्याचा तांब्या उचलला न्हाई मेल्यानं!" सगळी गल्ली हसली. एक म्हातारबुवा पलीकडच्या ओट्यावरून मान खाली घालून निघूनच गेले. त्यांच्या वडलांनी राजा केला असणार, असं डॉक्टरांचं म्हणणं.

हसून झाल्यावर आजी म्हणाल्या, "आई मरस्तवर हळहळत हुती गं. तिला सांगाय पायजे हुतं कुनी तरी."  डॉक्टर दुसरीकडे बघायला लागले.

या गोष्टीनंतर डॉक्टर आमच्याकडे कैकदा आले. येतात. काकूंना घेऊन येतात, चार दिवस राहतात, गावातली उरलेली घरं तपासतात. आमच्या मागच्या पडवीत बेंदराला बैल रंगवत असणार, हे त्यांनी अजून सोडलेलं नाही. तिथलं दार रुंद आहे म्हणे. मी पुरावा मागते, ते शेंगा सोलत बसतात. त्यांच्यासारखं मनापासून चुकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि अशा माणसानं माझं घर वाचवलं, याचा मला अभिमान वाटतो.

पण त्या रविवारचं राहिलंच. आजी काठी टेकत उठल्या. "लहानपनापासनं मला त्या दारात हुबं ऱ्हाऊ दिलं न्हाई," म्हणाल्या. "आज जाती. माज्या बापाची खोली हाय ती." आमच्या दाराच्या पायऱ्या उंच. आजी पहिल्याच पायरीवर डगमगल्या, तशा सासूबाई कट्ट्यावरून धावल्या आणि त्यांनी आजींचा दंड धरला. एक पायरी, दुसरी पायरी, उंबरा. दोघी बोलत बोलत आत गेल्यासुद्धा. मी बाहेर रस्त्यात, नवरा माझ्या शेजारी. 

आतून आजींचा आवाज आला. काचेजवळ असाव्यात. एवढंच म्हणाल्या, "आबा, लय रडवलंस रं आमाला."  मग सासूबाईंच्या पावलांचा आवाज, या खोलीतून त्या खोलीत. दारं उघडली, लावली. मोरीत बादली सरकवल्याचा आवाज झाला. शेवटी त्या दारात आल्या. पदर कमरेला खोचलेला.

"आगं, भाईर काय हुबी ऱ्हायलीस पावन्यावानी?" त्या मला म्हणाल्या. "आत ये. तुजंच घर हाय नव्हं? चूल कुटं मांडायची ते बगू आदी. एवढं मोटं घर, आन आजून कुनी चूल मांडली न्हाई बया."

मी उंबरा ओलांडला. मघापासून सगळ्यांच्या बरोबरीनं हसत होते, पण आत पाऊल पडलं आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. नवरा गडबडला, सासूबाई गडबडल्या. एकटे डॉक्टर काय ते शांत होते. स्टेथोस्कोप काढून त्यांनी मला नाही, दाराच्या चौकटीला लावला, डोळे मिटून ऐकलं आणि बाहेर जमलेल्या गल्लीला सांगितलं, "नोंद करा. ह्या घरात खरी बाई आज पयल्यांदा रडली."